मागून घेतलेले नाव

शिलोच्या मंदिरात एक बाई उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. दाराशी बसलेल्या एली नावाच्या म्हाताऱ्या याजकाला वाटले, बाई दारू पिऊन आली आहे. त्याने तिला खडसावलेसुद्धा. त्यावर ती म्हणाली की मी प्यायलेली नाही. जिवाला लागलेले दुःख देवापुढे रिते करते आहे.

ही हन्ना. एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या एलकानाची बायको. सवतीला, पनिन्नाला, मुले होती आणि हिची कूस रिकामी. दर वर्षी सगळे कुटुंब शिलोला यज्ञासाठी जाई, तेव्हा सवत तिला टोचून बोले आणि हन्ना भरल्या ताटावरून उठे. एलकानाचा तिच्यावर जीव होता. मी तुला दहा मुलांहून अधिक नाही का, असे तो तिला विचारी. पण नवऱ्याच्या मायेने ती उणीव भरून निघणारी नव्हती. अखेर तिने नवस केला: मला मुलगा दे, मी तो आयुष्यभरासाठी तुलाच वाहीन, त्याच्या डोक्याला वस्तरा लागू देणार नाही. मुलगा झाला. तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले. मूळ हिब्रू उच्चार श्मुएल. नावाचे कारणही तिने सांगितले: याला मी परमेश्वराकडून मागून घेतले.

इंग्रजीत सॅम्युएल, अरबीत समुएल, समवाल आणि शमवील, कोकणात समाजी अशी रूपे घेत जगभर गेलेल्या या नावाची जन्मकथा ती एवढीच. कथा साधी आहे, नाव मात्र तितके साधे नाही. हन्नाने सांगितलेले कारण तिने ठेवलेल्या नावाला लागूच पडत नाही.

हिब्रूत 'मागणे' या अर्थाचा धातू आहे शीन, अलेफ, लामेद या तीन अक्षरांचा: शाअल. 'मागितलेला' असे नाव ठेवायचे तर ते होईल शाउल. मराठी बायबलमधला शौल तो हाच, इस्राएलचा पहिला राजा. ज्याच्या हयातीत आणि ज्याच्या हातून या शौलाला राज्याभिषेक झाला तो माणूस म्हणजे शमुवेल. म्हणजे आईने आपल्या मुलाच्या नावाचा जो अर्थ सांगितला, तो अक्षरशः दुसऱ्याच माणसाच्या नावाचा अर्थ आहे, आणि तो दुसरा माणूस त्या मुलाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पेच ठरणार आहे.

हे चुकून झाले म्हणावे तर मूळ कथाच तसे म्हणू देत नाही. हन्नाच्या कथेत 'शाअल' हा धातू पुन्हा पुन्हा येतो. एली तिला निरोप देताना म्हणतो की तू मागितलेले मागणे देव पुरे करो. तिथे तो धातू लागोपाठ दोनदा येतो. मूल अंगावरचे दूध तुटेपर्यंत वाढवून हन्ना त्याला बैल, पीठ आणि द्राक्षारस घेऊन मंदिरात सोडायला येते, तेव्हा ती म्हणते की हा परमेश्वराला दिलेला आहे. 'दिलेला' या जागी हिब्रूत जो शब्द आहे तो आहे शाउल, जसाच्या तसा. मागून घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत सोपवावी, उसने फेडावे, अशी त्या शब्दाची इथली छटा आहे. मूल शमुवेल, आणि आई त्याला देवाच्या हाती देताना उच्चारते ते नाव शौलाचे.

विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी याचा उलगडा असा केला की ही जन्मकथा मुळात शौलाचीच असावी आणि पुढे राजाची कीर्ती मावळल्यावर ती शमुवेल संदेष्ट्याला जोडली गेली असावी. तर्क ऐटबाज आहे, पण पुरावा सांगायचा तर एका धातूपलीकडे फारसा नाही. त्याहून पटते ती दुसरी गोष्ट: कथा लिहिणाऱ्याला दोन्ही नावांची ही गुंतागुंत नीट ठाऊक होती आणि त्याने ती शेवटपर्यंत वापरली. शमुवेल म्हातारा झाल्यावर लोक त्याच्याकडे येऊन राजा मागतात; तिथेही 'मागणारे' म्हणून हाच धातू. आईने मूल मागितले, लोकांनी राजा मागितला. पहिल्या मागण्यातून शमुवेल आला, दुसऱ्यातून शौल.

आणि मग एन-दोरची रात्र. शमुवेल मरून गेलेला आहे, पलिष्ट्यांचे सैन्य समोर उभे आहे, देव उत्तर देईनासा झाला आहे. घाबरलेला शौल वेष पालटून एका भुते बोलावणाऱ्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला वर बोलवायला सांगतो. बाई म्हणते, झगा पांघरलेला एक म्हातारा वर येतो आहे. शौल ओळखतो. हन्ना दर वर्षी मंदिरात जाताना आपल्या लेकरासाठी एक छोटा झगा शिवून नेत असे. त्या कपड्याला हिब्रूत जो शब्द आहे, मेईल, तोच इथे आहे. म्हातारा शौलाला पहिल्या प्रश्नात म्हणतो, मला का उठवलेस? आणि दुसऱ्यात विचारतो: देव तुला सोडून गेला असता तू मला कशाला विचारतोस? 'विचारणे' आणि 'मागणे' हिब्रूत एकाच धातूने होतात. शाउल शाअल करतो आहे. मेलेल्यांच्या जगालाही हिब्रूत शेओल म्हणतात आणि त्या शब्दाची अक्षरे शाउलच्या अक्षरांहून वेगळी नाहीत. फरक फक्त स्वरांचा. एका स्त्रीच्या पुटपुटण्यापासून सुरू झालेला शब्द इथे, भुताच्या तोंडी येऊन थांबतो. नावावर इतके बारीक विणकाम केलेल्या कथा जुन्या वाङ्मयात थोड्याच सापडतील.

मग शमुवेल या नावाचा खरा अर्थ कोणता? नावांच्या पुस्तकांत हमखास सापडणारे उत्तर आहे 'देवाने ऐकले'. ऐकायला गोड आणि कथेला साजेसे, पण चुकीचे. 'ऐकणे' म्हणजे शमा, आणि त्या धातूचे शेवटचे अक्षर आहे आयिन, घशातून उच्चारले जाणारे. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'. त्या नावात आयिन शाबूत आहे. शिमोन याच धातूचा, त्यातही आयिन आहे. शमुवेलात ते कुठेच नाही. हिब्रूत आयिन असे वाऱ्यावर उडून जात नाही.

भाषेच्या बाजूने टिकणारे उत्तर दुसरे आहे. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव. मधला 'ऊ' हा हिब्रूच्या फार जुन्या अवस्थेतला, पुढे गळून गेलेल्या विभक्तीचा अवशेष. पनुएल, म्हणजे 'देवाचे मुख', या गावाच्या नावात तो तसाच राहिला आहे. म्हणजे श्मुएल हे 'देवाचे नाव' किंवा 'ज्याचे नाव एल आहे'. शिवाय मेसोपोटेमियातल्या अक्कदी नावांत 'शुमु' हा शब्द 'नाव' आणि 'वारस' अशा दोन्ही अर्थांनी येतो. ज्याला मूल त्याचे नाव मागे राहते, ही समजूत मराठी घरांनाही परकी नाही. तसे पाहिले तर श्मुएल म्हणजे 'देवाने दिलेला वंश' असेही म्हणता येते, आणि हन्ना पुन्हा अर्थाच्या जवळ येते.

हे नाव हन्नाहून पुष्कळ जुने असावे, याची खूण दक्षिण मेसोपोटेमियात सापडते. इ. स. पूर्व १९व्या शतकात लार्सा शहरावर सुमु-एल नावाचा राजा राज्य करत होता. त्याच सुमारास बाबिलोनवर सुमु-ला-एल होता. दोघेही अमोरी वंशाचे, आणि त्यांची भाषा हिब्रूच्या मावशी-काकीच्या नात्यातली. बायबलच्या आतही हा शमुवेल एकटा नाही. गणना या पुस्तकात शिमोनाच्या वंशाचा, अम्मिहूदचा मुलगा शमुवेल भेटतो. म्हणजे नाव प्रचारात होते. हन्नाने ते घडवले नाही, त्यात स्वतःचा अर्थ ओतला.

लोकांनी मानला तो तिचाच अर्थ. इ. स. पहिल्या शतकात ग्रीक वाचकांसाठी यहुद्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जोसेफसने शमुवेलचा अर्थ 'देवाकडून मागितलेला' असाच दिला. मध्ययुगातल्या भाष्यकारांना अक्षरांची अडचण दिसत होती, म्हणून त्यांनी एक सुंदर तोड काढली: शाउल मे-एल, 'देवापासून मागितलेला', हे शब्द आवळून श्मुएल झाले. शौलाच्या नावातली चारही अक्षरे शमुवेलाच्या नावात आहेतच; अधिक आहे ते एक मेम, 'पासून' या अर्थाचे. व्याकरण या युक्तीला मान्यता देत नाही, पण या नावावर माणसांचे किती प्रेम होते ते तिच्यात दिसते.

यहुदी परंपरेत याहून हृद्य गोष्ट आहे. आकाशवाणी झाली म्हणे, की शमुवेल नावाचा एक पुण्यपुरुष लवकरच जन्माला येणार. ज्या ज्या घरी मुलगा झाला तिथे तिथे आईने त्याचे नाव शमुवेल ठेवले. मुले वाढू लागली, त्यांची वागणूक पाहून लोक म्हणत, नाही, हा तो नव्हे. हन्नाचा मुलगा वाढू लागला तेव्हा लोक म्हणाले, हाच तो. एखाद्या पिढीत एकच नाव गल्लोगल्ली का ऐकू येते, याचे हे फार जुने उत्तर आहे आणि ते आजही खरे वाटते. हन्नाच्या पुटपुटण्यालाही त्याच परंपरेत मान मिळाला: मुख्य प्रार्थना ओठ हलवून पण आवाज न करता म्हणावी, हा नियम तालमूदच्या पंडितांनी तिच्या वागण्यावरून काढला. एलीने जिला दारुडी ठरवले तिच्याकडून पुढचे सगळे प्रार्थना करायला शिकले.

या नावाने जगात केलेला प्रवास मोठा आहे, आणि त्यातला काही भाग सरसकट सांगून टाकण्यासारखा आहे. अकराव्या शतकात स्पेनमधल्या ग्रनाडा राज्याचा वजीर श्मुएल हनागीद होता, हिब्रूचा थोर कवी. बल्गेरियाच्या एका ख्रिस्ती सरदाराने आपल्या चार मुलांची नावे दावीद, मोशे, अहरोन आणि शमुवेल ठेवली होती. धाकटा पुढे झार झाला. त्याने इ. स. ९९३च्या सुमारास आईवडिलांच्या आणि भावाच्या स्मरणार्थ कोरवलेला सिरिलिक शिलालेख आजही अभ्यासकांच्या हाती आहे. १०१४ साली बायझंटाइन सम्राट दुसऱ्या बेसिलने त्याच्या हजारो कैदी सैनिकांचे डोळे काढून त्यांना परत पाठवले, आणि ते दृश्य पाहून कोसळलेला झार त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मरण पावला, असे इतिवृत्तकार सांगतात. इंग्लंडात प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर संतांची नावे मागे पडून जुन्या करारातली नावे घरोघरी आली, तेव्हा सॅम्युएलचा सुकाळ झाला. रोजनिशीकार पीप्स आणि कोशकार जॉन्सन ही त्यातली दोन मोठी नावे. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा मांसविक्रेता सॅम्युएल विल्सन १८१२च्या युद्धात सैन्याला पिंपे भरून माल पुरवत होता. त्याच्यावरून 'अंकल सॅम' हे नाव पडले, असे अमेरिकी काँग्रेसने १९६१ साली ठरावाने मान्य केले.

पण हन्नाची कथा ज्याच्या बाबतीत पुन्हा जगली गेली असा माणूस यातला एकही नाही. तो सापडतो बाराव्या शतकातल्या बगदादेत.

त्याचे नाव अस-समवाल अल-मग्रिबी. वडील मोरोक्कोतल्या फेज शहराचे हिब्रू कवी, आई बसऱ्याची. आईचे नाव हन्नाच्याच नावावरून ठेवलेले. समवालने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की लग्नानंतर बराच काळ तिला मूल होईना. तेव्हा तिने हन्नाची प्रार्थना आठवली आणि मुलगा झाला तर त्याचे नाव शमुवेल ठेवीन असा नवस केला. मुलगा झाला. हिब्रूत श्मुएल, अरबीत समवाल. हे पोर असामान्य निघाले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने 'अल-बाहिर' हा बीजगणितावरचा ग्रंथ लिहिला. ऋण संख्यांचे नियम त्याने स्पष्ट मांडले, आणि द्विपद गुणांकांचा जो त्रिकोण युरोपात पास्कलच्या नावाने प्रसिद्ध झाला तो अल-करजी या आधीच्या गणितज्ञाच्या आधाराने या ग्रंथात दिलेला आहे. पुढे तो वैद्यकी करू लागला. ११६३ साली इराणातल्या मराघा शहरी त्याला स्वप्न पडले, आणि स्वप्नात आला तो शमुवेल संदेष्टा. त्या स्वप्नानंतर त्याने इस्लाम स्वीकारला. ज्या माणसाचे नाव आईने नवसाने मिळवून दिले, तोच माणूस स्वप्नात येऊन वाट दाखवतो. समवालने आपल्या धर्मांतराची कथा अशी सांगितली आहे. मूल मागणाऱ्या बाईची प्रार्थना वीसहून अधिक शतकांनंतर दुसऱ्या बाईने वापरली, हा या नावाच्या इतिहासातला सर्वांत जिवंत पुरावा आहे.

कोकणातही या नावाशी असाच एक नवस जोडलेला आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, मानतात. या लोकांनी रायगडच्या खेड्यापाड्यांत तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरलेली. आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, आणि 'शमा इस्रायल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' एवढी प्रार्थना उरली होती. नावेही उरली, पण मराठी अंगरखा घालून. अब्राहामचा अबाजी झाला, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, यहेज्केलचा हसाजी आणि शमुवेलचा समाजी. मागे वडिलांचे नाव आणि गावावरून आडनाव: केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाला यात काही परके ऐकू येत नसे.

समाजी हसाजी दिवेकर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हिंदी अधिकारी. १७८० ते १७८४च्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. बेने इस्रायलांत पिढ्यानपिढ्या सांगतात ते असे: कैद्यांना जात-धर्म विचारला गेला, तेव्हा याने बेने इस्रायल असे उत्तर दिले. हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने मध्ये पडून त्याला जीवदान मिळवून दिले. कैदेत असताना समाजीने नवस केला होता, सुटलो तर मुंबईत प्रार्थनास्थळ बांधीन. १७९६ साली त्याने तो फेडला. मुंबईतले पहिले सिनेगॉग उभे राहिले ते या माणसाच्या पैशाने. सिनेगॉगसाठी हिब्रू ग्रंथपट आणायला तो कोचीनला गेला, आणि दुसऱ्याच वर्षी तिथेच वारला.

समाजीला आपल्या नावाचा हिब्रू अर्थ ठाऊक होता की नव्हता, याने फारसा फरक पडत नाही. ज्या नावाला हन्नाने मागण्याचा आणि परतफेडीचा अर्थ चिकटवला, त्याच नावाचा कोकणी माणूस देवापाशी काही मागतो आणि मिळाल्यावर ते सव्याज फेडतो. बेने इस्रायलांच्या घरात आजही नवस फिटला की मलिदा होतो: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, फळे, आणि एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाची प्रार्थना. त्या ताटापुढे 'नवस' हा मराठी शब्द आणि 'शाअल' हा हिब्रू धातू एकाच कामाला लागलेले असतात.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आणि मिशनरी कोकणात पोचले. जॉन विल्सनने १८३२ साली खास या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मुले पोथी वाचू लागली तसे आजोबांच्या नावांचे मूळ रूप त्यांना कळले, आणि दोन-तीन पिढ्यांत समाजी मागे पडून घराघरांत सॅम्युएल आले. या समाजाचा इतिहास १८९७मध्ये लिहून काढणारे हाइम सॅम्युएल केहीमकर हे अशाच एका सॅम्युएलचे चिरंजीव. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली तेल अवीवमध्ये छापले गेले.

समाजीच्या सिनेगॉगला मात्र शंभर वर्षे कोणी हिब्रू नावाने हाक मारली नाही. ते समाजी हसाजीचे सिनेगॉग होते, किंवा बोलीत जुनी मशीद. १८६० साली ते हल्लीच्या जागी आले. १८९६मध्ये त्याला शाआर हराहमीम, 'दयेचे द्वार', असे नाव मिळाले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे तो बांधणाऱ्याच्याच नावाने ओळखला जातो, फक्त इंग्रजी रूपात: सॅम्युएल स्ट्रीट. तिथून थोड्या अंतरावर मध्य रेल्वेचे मस्जिद स्थानक आहे. त्याचे नाव आपल्या या जुन्या मशिदीवरून पडले, असे बेने इस्रायल सांगतात. मांडवीच्या घाऊक बाजारातून गोणी वाहणाऱ्या हमालांच्या गर्दीतून वाट काढत गेले की भिंतीआड ते दार आजही उघडते.